घंटा वाजेपर्यंत

मोदक वरून पडला. पदरात नाही, जमिनीवर.

खोतीणबाई पडवीच्या वरच्या पायरीवर उभ्या, मी खाली अंगणात पदर पसरून. मधे चार हातांचं अंतर. एवढ्या अंतरावरून पदरात टाकायचं तर नेम लागतो. बाईंचा नेम वाईट नव्हता, पण त्या आत बघून पाहुण्यांशी बोलत होत्या. मोदक माझ्या पदराच्या काठाला लागला आणि सारवलेल्या अंगणात लोळला. कळ्या फुटल्या. गूळखोबरं बाहेर आलं.

"उचल हो," त्या म्हणाल्या. "देवाचा आहे. पायाखाली येईल."

मी काय केलं? उचलला. फुंकर मारली. खाल्ला. दातांखाली कचकचलं, तेही गिळलं. वर म्हटलं, "गोड हाय हो बाई."

हे सांगितलं की माझ्या सुना तोंडावर हात ठेवतात. त्यांना वाटतं, सासू तेव्हा आतून पेटली असणार. छे! पेटायला आत काहीतरी कोरडं असावं लागतं. मी तर खुशीत होते. वाडीतल्या बाकीच्या बायकांना बाईंनी चिमूट चिमूट पंचखाद्य टाकलं होतं आणि मला अख्खा मोदक. रस्ताभर मी मान ताठ ठेवून चालले. दोघी जवळून गेल्या तर मुद्दाम ओठ पुसले, म्हणजे कळावं की काहीतरी खाल्लंय. विशीतली बाई, लग्न होऊन पाच वर्षं झालेली, आणि अक्कल ही एवढी.

अख्खा मोदक का, तर पिठी मी दळली होती.

आमच्या वाडीत मोदकाची पिठी माझ्यासारखी कुणाची नव्हती. हे मी माझ्याच तोंडाने सांगते, कारण सांगणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. तांदूळ धुवायचा, सावलीत फडक्यावर पसरायचा, आणि पुरता कोरडा व्हायच्या आत जात्यावर घ्यायचा. तो क्षण ओळखता आला पाहिजे. तो चुकला की पीठ भरड येतं, आणि मग उकड फुटते. मला ओळखता यायचा. कळ्या मात्र मला कधी जमल्या नाहीत. माझे मोदक गाढवाने कान पाडावेत तसे दिसायचे. पण पिठी म्हणाल तर रेशीम.

तर चतुर्थीच्या आदल्या दिवशी खोतांचा तांदूळ माझ्याकडे यायचा. सकाळपासून मी जात्याशी. संध्याकाळी पिठी डोक्यावर घेऊन जायचं, पडवीच्या खाली ठेवायची आणि चार पावलं मागे सरायचं. मग बाई यायच्या, तुळशीचं एक पान पिठीवर टाकायच्या, आणि पिठी शुद्ध. उचलून आत. माझ्या हाताचा विटाळ एका पानाने जायचा. माझ्यावर मात्र कुणी कधी पान टाकलं नाही. टाकलं असतं तर एवढं मोठं तुळशीवृंदावन बोडकं झालं असतं, असं असेल कदाचित.

हे सगळं मी सांगतेय आणि माझी लेक लिहितेय. ती शिकलेली आहे. मी 'हाय' म्हटलं की ती 'आहे' लिहिते. तिला म्हटलं, माझं सुधार बाई हवं तेवढं, पण माणसं जे बोलली ते बोलली तसंच ठेव.

आता घंटेचं सांगते.

खोतांच्या पडवीत एक पितळी घंटा टांगलेली होती. हर्णेच्या बंदरात कुठलंसं जुनं गलबत मोडीत निघालं, त्याच्यावरची. ती वाजली की डोंगराच्या कुशीतल्या शेवटच्या घरापर्यंत ऐकू यायची. गावचा नियम असा, की चतुर्थीला पहिला नैवेद्य खोतांच्या गणपतीचा. तो झाला की खोत स्वतःच्या हाताने घंटा वाजवणार. ती वाजली की मग आमच्या घरोघरच्या गणपतींनी जेवायचं. तोवर आमच्या घरात पान मांडायचं नाही. देव बसलाय, अन्न तयार आहे, पोरं चुलीशी घोटाळतायत, आणि सगळ्यांचे कान वर डोंगराकडे.

हा नियम कुणी केला? कुणाला ठाऊक नव्हतं. सासऱ्यांना, म्हणजे आमच्या बाबांना, मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "मोट्यांचा देव मोटा." मला ते इतकं पटलं, की मीही पुढे दोनचार जणींना ऐकवलं. देवात कुळं आणि खोत असतात, आमचा गणपती खोतांच्या गणपतीचं कूळ आहे, त्यानेही अंगणात उभं राहून वाट बघायची, हे आम्हाला अगदी सरळ वाटायचं. जमीन खोतांची, त्यात उगवलेला तांदूळ खोतांचा, तर मग मातीही खोतांची आणि मातीचा देवही. एवढं डोकं आम्ही चालवलं होतं. ह्याच्या पुढे नाही.

मोदक पडला त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. तापाची ती मोठी साथ येऊन गेली होती, त्याला सात-आठ वर्षं झाली असतील. नवरा मुंबईत गिरणीत. त्या साली त्याला रजा मिळाली नाही. घरात मी, बाबा आणि सासू. सासूला मी आय म्हणायचे.

आय श्रावणापासून अंथरुणावर होती. पोटात काही ठरत नव्हतं. पेजेचं पाणी दोन घोट, तेही कधी बाहेर यायचं. एवढीशी झाली होती, उचलली तर वाळकी पेंढी. माझ्यावर तिचा जीव होता असं मी म्हणणार नाही. पहिली दोन वर्षं तिने मला पुरतं पिळलं. पण माझी पिठी तिला आवडायची. चतुर्थीच्या चार दिवस आधी मला जवळ बोलावून म्हणाली, "बाय, तुज्या हातचा येक मोदक खाईन. गरम. मंग काय व्हायचा ता व्हवंदे."

महिनाभरात तिने तोंडाने मागितलेली ही एकच गोष्ट.

घरात ह्या एका दिवसासाठी तांदूळ राखून ठेवलेला असायचा. एरवी आमची नाचणीची भाकरी. भात आम्ही पिकवायचो, म्हणजे चिखलात आम्ही उभे राहायचो. तांदूळ वरच्या घरी जायचा. तर तो राखलेला तांदूळ काढला. आदल्या दिवशी खोतांचं दळून झाल्यावर त्याच जात्यात आमचं थोडंसं दळलं. चतुर्थीला पहाटे खोतांची मागची ओटी आणि अंगण सारवून आले, आंघोळ केली, चूल पेटवली. अळूचं फतफतं, भोपळ्याची भाजी, तवशाची कोशिंबीर, वरणभात. मग उकड. मडक्यात पाणी ठेवलं, तोंडाला फडकं बांधलं, त्यावर हळदीची पानं आणि पानांवर मोदक. अकरा झाले. अकराही गाढवाचे कान. पण वाफ निघाली आणि हळदीच्या पानाचा वास घरभर झाला तेव्हा आयने डोळे उघडले. महिन्याभरात पहिल्यांदा तिच्या तोंडाला पाणी सुटलेलं मी पाहिलं. खरंच सुटलं. ओठांच्या कडेला ओल आली.

"झालं काय गो?"

"झालं आय. घंटा वाजली की देते."

तिने मान हलवली. सकाळपासून ती पेजेचं पाणीही घेत नव्हती. देवाच्या आधी तोंडात काही घालायचं नाही, हे तिने दुखण्यातही सोडलं नव्हतं.

आम्ही वाट बघायला लागलो.

दुपार झाली. बाहेर झड लागलेली, त्यामुळे उन्हावरून वेळ कळत नव्हती. मोदक गार होऊन आकसले. मी पुन्हा वाफेवर ठेवले. पुन्हा गार झाले. शेजारच्या घरातलं पोर रडून रडून झोपलं. बाबा दारात बसलेले, हात गुडघ्यांवर, कान वर. आयने एकदा विचारलं, "वाजली?" मग पुन्हा विचारलं नाही. नुसती माझ्याकडे बघायची. गुरं चरून परत यायला लागली तेव्हा तिच्या मानेला घाम फुटला आणि बोटं गार पडली.

"बाबा, मी बघून येते."

"काय बगणार?"

"उशीर का झालाय ता."

"इचारू नको हां काय," बाबा म्हणाले. "नुसती दिसशील अशी उबी ऱ्हा. त्यांना दिसलीस की त्येच सांगतील."

ही आमची रीत. विचारायचं नाही. दिसायचं.

इरलं घेतलं आणि चढण चढून वर गेले. मागच्या बाजूने, गोठ्याकडून, कारण आमची वाट तीच. आणि गोठ्यामागे पाय थबकले.

उष्ट्या केळीच्या पानांचा ढीग पडलेला. वीसेक पानं तरी असतील. खरकटं पावसात भिजून पांढरं झालेलं, म्हणजे टाकून बराच वेळ झालेला. कावळे खाऊन उडूनही गेले होते. खोतांचं कुत्रं तेवढं निवांत बसून मोदक खात होतं. सारण आधी चाटायचं, मग पारी. माझी पिठी. त्यालाही आवडलेली दिसली.

खोतांचं कुत्रं जेवलं होतं. आमचा गणपती उपाशी होता.

बाई मागच्या दारात आल्या. तोंडात विडा.

"अगो, तू? पुढे नको हो येऊस, आत्ताच सारवलंय."

सकाळी मीच सारवलं होतं.

बाबांनी सांगितलं होतं विचारायचं नाही. तोंडातून निघून गेलं, "बाई, घंटा?"

"कसली घंटा?" मग त्यांच्या लक्षात आलं. हात कपाळाला गेला आणि त्या हसल्या. लबाडीने नाही. लबाडीने हसल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. चुलीवर दूध विसरावं तशा हसल्या. "राहिलीच की हो! पाहुण्यांच्या गडबडीत मेलं ध्यानातच नाही आलं कुणाच्या. जेवणं उरकून दोन तास झाले असतील."

"मग आता वाजवतील?"

"आता ते वामकुक्षी करतायत. उठले की वाजवतील."

"बाई, आमची आय पडून हाय. सकाळपासून..."

"झोपमोड केलेली त्यांना खपत नाही. इतका वेळ थांबलात, आणखी घटकाभर." आणि आत वळता वळता म्हणाल्या, "आलीच आहेस तर तेवढं तपेलं घासून ठेव. उकडीचं आहे, वाळलं की निघत नाही."

आता ऐका, मी काय केलं ते. मी बसले. इरलं बाजूला ठेवलं, मुठीत राख घेतली आणि तपेलं घासायला लागले. घरी म्हातारी गार पडतेय, देव ताटकळलाय, आणि मी खोतांचं तपेलं घासतेय! हातांना सवय होती. कुणी 'घास' म्हटलं की ते आधी जायचे, मी नंतर. बैलाला तरी दावं बांधावं लागतं. मला तेही लागत नव्हतं.

अर्धं तपेलं झालं आणि आतून घोरणं ऐकू आलं. खोतांचं. भरल्या पोटाचं, लांबलचक, मधे शीळ घालणारं. त्या शिळेला अख्खी वाडी अडली होती. शंभरेक माणसं, पोरंबाळं, घरोघरचे गणपती, सगळे ह्या एका नाकाच्या ताब्यात. मी आजवर खोत म्हणजे काहीतरी मोठं समजत होते. जमीन, वाडा, घंटा, देव. ऐकलं तर काय, एक म्हातारा तोंड उघडं टाकून झोपलाय, आणि तो जागा असतानाही त्याच्या डोक्यात आम्ही नव्हतोच. आम्ही ज्याला आज्ञा समजून पोटं आवळून बसलो होतो ती आज्ञासुद्धा नव्हती. विसर होता. त्याने आम्हाला उपाशी ठेवलं असतं तर निदान त्याला आमची आठवण तरी झाली असती.

मी उठले. तपेलं अर्धं पिवळं, अर्धं काळं. तसंच उपडं टाकलं. हाताला राख होती, ती त्यांच्या सारवलेल्या ओटीला पुसली. पाच बोटं उमटली. खाली उतरले.

घरी आले तर बाबा दारातच.

"काय म्हनाले?"

"जेवले ते. दोन तास झाले. कुत्रं पन जेवला."

"आनी घंटा?"

"इसरले."

बाबांना हे कळेचना. "मंग वाजंल ना आता?"

"झोपलेत. उठा बाबा, पान मांडूया."

ते उठले नाहीत. खांब धरून बसले. "घंटा नाय वाजली गो," एवढंच म्हणत राहिले. मग मीच पान मांडलं. सगळं वाढलं. बाईमाणसाने आमच्या घरात नैवेद्य दाखवलेला नव्हता. हातात पाणी घेऊन पानाभोवती फिरवलं. मंत्र मला येत नव्हता. म्हटलं, "जेव रे देवा, उशीर झाला." आणि घरातली छोटी घंटी हलवली. शेजारीण ओरडली, "वाजली काय गो?" मी ओरडले, "आमची वाजली!" एकाही घरातून दुसरी घंटी वाजली नाही.

वाफेवरचा मोदक घेतला, त्यावर तूप घातलं आणि आयजवळ बसले. तुकडा तिच्या ओठांशी नेला.

तिने ओठ मिटून घेतले.

"आय, देव जेवला. खा."

मान हलली. नाही.

"गरम हाय बघ. तूच मागितलेलास."

"घंटा वाजूंदे," ती म्हणाली.

मी विनवलं. रागावले. रडले. शेवटी म्हटलं, ते विसरले गं, ते आपल्याला विसरले. तिला सगळं कळत होतं. डोळ्यांना मोदक हवा होता, ओठ उघडत नव्हते. महिनाभराच्या भुकेपेक्षा ती घंटा मोठी होती. बाबा दारातून म्हणाले, "नको जबरदस्ती करू, पाप लागंल तिला." मला खोतांची चीड आली होती, ती ह्या वेळी कुठे गेली कळलं नाही. मला त्या मिटलेल्या ओठांची चीड आली. मरायला टेकलेल्या बाईची. अजून कधीकधी येते. माझी सुटका एवढ्यासाठीच होत नाही, की वर्षभरापूर्वी अंगणातला मोदक फुंकर मारून खाणारे ओठ माझेच होते.

दिवेलागणीला घंटा वाजली. खोत उठले असावेत, चूळबीळ भरली असावी.

आयने तोंड उघडलं. तोवर मोदक वातड झालेला. तिने एक घास चावला, बराच वेळ चावत राहिली, आणि बाकीचा माझ्या हातात परत दिला.

"थंड झाला गो," म्हणाली.

नवरात्राच्या आधी ती गेली.

पुढच्या साली चतुर्थीच्या आदल्या दिवशी खोतांचा गडी तांदूळ घेऊन आला. मी तो तसाच परत पाठवला. घटकेभराने बाई स्वतः आल्या. आमच्या दारी पहिल्यांदाच. अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे निऱ्या उचलून धरून उभ्या.

"अगो, तुझी पिठी लागते हो. बाकीच्यांची भरड येते. पाहुणे यायचेत."

"घरात दळा बाई. जातं हाय तुमच्याकडं."

"आम्ही दळायचं?"

"सोपं असतं. तांदूळ घालायचा नि फिरवायचं. तुळशीचं पान पन वाचंल."

"फार चढलीस. ह्यांना सांगते."

"सांगा. जागे असले तर."

बाबांनी आठ दिवस माझ्याशी अबोला धरला. नवऱ्याचं कार्ड आलं, 'खोतांशी वाकडे घेऊ नये. घरी नीट राहावे.' मुंबईहून नीट राहायला सांगायला काय लागतं? होळीनंतर ओढ्याकाठचं भाताचं खाचर खोतांनी काढून घेतलं आणि दुसऱ्याला लावलं. ज्याला लावलं त्याची बायको आता खोतांची पिठी दळायला लागली. भरड दळायची. पाहुण्यांनी खाल्ली असेल.

खाचर गेलं त्या साली घरात तांदळाचा दाणा नव्हता. आम्हाला राहिलं ते डोंगरउतारावरचं नाचणीचं रान. चतुर्थी आली. मी नाचणी दळली. त्याच जात्यावर, तेवढीच बारीक. नाचणीची उकड हाताला ऐकत नाही, चिरते. पारी दाबून दाबून कसेबसे पाच मोदक उभे केले. काळे, भेगाळलेले. हळदीच्या पानावर उकडले. झाले तसे पानात वाढले आणि बाबांना हाक मारली. ते आले, पाटावर बसले आणि मोदकांकडे बघत राहिले.

"देवाला ह्यो चालंल काय गो?"

"न चालायला देव काय खोत हाय?"

त्यांची मान डोंगराकडे वळली, कान लागला. घंटा वाजली नव्हती. मी तांब्या उचलला, त्यांचा हात धरून पुढे ओढला आणि तळव्यावर पाणी घातलं.

"फिरवा बाबा, गरम हायत तवर. नायतर पाट सोडा. मी फिरवते."